आदर्श कैदी: जॉन वेन गेसीचे अ‍ॅनामोसातले अठरा महिने

तळटीप (धागाकर्ता)

जॉन वेन गेसी म्हटलं की लोकांना त्याचा विदूषकाचा पोशाख आठवतो आणि शिकागोजवळच्या घराखालची ती पोकळी. एकूण ३३ खून, त्यातले २६ देह त्या पोकळीत सापडले. यूट्यूबवर रोज कुणीतरी तेच दळण दळत असतो, त्यामुळे ते इथे नको. मला कुतूहल आहे ते त्याआधीचं. पहिला खून करण्यापूर्वी हा माणूस आयोवा राज्यात अ‍ॅनामोसाच्या तुरुंगात होता. शिक्षा दहा वर्षांची होती आणि तो अठरा महिन्यांत बाहेर आला. सोडणाऱ्यांनी काय बघून सोडलं, एवढाच धाग्याचा विषय.

पार्श्वभूमी थोडक्यात. शिकागोचा मुलगा, जन्म १९४२ चा. १९६४ मध्ये लग्न झालं. सासऱ्याची आयोवातल्या वॉटर्लू गावात केंटकी फ्राइड चिकनची तीन दुकानं होती, ती सांभाळायला जावईबापू तिकडे गेले. घर, गाडी, दोन मुलं, सगळं जागच्या जागी. शिवाय जेसीज. (आपल्याकडे तालुक्याच्या गावी रोटरी आणि लायन्सच्या शेजारी जिची पाटी असते तीच संस्था.) गेसी तिथे पडेल ते काम अंगावर घ्यायचा. बैठकीला तळलेल्या कोंबडीच्या बादल्या घेऊन जायचा आणि लोकांकडून स्वतःला 'कर्नल' म्हणवून घ्यायचा. उपाध्यक्ष झाला, अध्यक्षपदावर डोळा होता.

१९६७ च्या ऑगस्टमध्ये त्यानं जेसीजमधल्याच एका सहकाऱ्याच्या १५ वर्षांच्या मुलावर लैंगिक अत्याचार केला. मुलानं मार्च १९६८ मध्ये वडिलांना सांगितलं, पोलिसांत तक्रार गेली. गेसीचा पवित्रा ठरलेला: हे निवडणुकीचं राजकारण आहे, मला अध्यक्ष होऊ द्यायचं नाही म्हणून रचलेलं कुभांड आहे. त्याच्या बाजूनं बोलणारे जेसीजवालेही निघाले. खोटं पकडायच्या यंत्राची चाचणी त्यानं स्वतः मागून घेतली आणि तीत तोंडावर पडला.

इथवर तो एक पकडला गेलेला माणूस आहे. पुढचं पाऊल मला जास्त बोलकं वाटतं. ऑगस्ट १९६८ मध्ये त्यानं आपल्या दुकानातल्या १८ वर्षांच्या पोऱ्याला गाठलं. तुझ्या गाडीच्या कर्जाचे तीनशे डॉलर मी भरतो, तू त्या तक्रारदार मुलाला असा बडव की तो साक्षीला उभाच राहणार नाही. पोऱ्यानं मुलाला आडबाजूला नेऊन डोळ्यांत झोंबणारा फवारा मारला आणि मारहाण केली. मुलगा निसटला, पोलिसांकडे गेला, पोऱ्यानं लगेच मालकाचं नाव सांगितलं.

मग कोर्टानं त्याला मनोविकार तपासणीसाठी आयोवा विद्यापीठाच्या इस्पितळात पाठवलं. तिथे १७ दिवस दोन डॉक्टरांनी त्याला पाहिलं. निष्कर्ष: समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकार, औषधोपचारानं किंवा समुपदेशनानं फरक पडण्याची शक्यता नाही, हा माणूस पुन्हापुन्हा समाजाशी संघर्षात येत राहील, आणि खटला चालवण्याइतका तो शुद्धीवर आहे. हे १९६८ सालचं लिखित मत आहे. फायलीत होतं.

नोव्हेंबरमध्ये त्यानं एक आरोप कबूल केला. प्रोबेशनवर सोडलं जाईल अशी त्याची अटकळ होती, शिक्षेआधीच्या अहवालात शिफारसही तशीच होती. न्यायाधीशांनी ३ डिसेंबर १९६८ ला दहा वर्षं ठोठावली, म्हणजे कायद्यात होती तेवढी सगळी. त्याच दिवशी बायकोनं घटस्फोटाचा अर्ज टाकला. ती आणि मुलं त्याला परत कधी दिसली नाहीत.

अ‍ॅनामोसात गेल्यावर काही महिन्यांत गडी मुख्य आचारी झाला. तुरुंगात जेसीजची शाखा होती, तिचे सभासद साधारण ५० होते, ते याच्या काळात ६५० च्या आसपास गेले. भोजनगृहात काम करणाऱ्या कैद्यांची रोजची मजुरी त्यानं वाढवून घेतली. १९६९ च्या उन्हाळ्यात कैद्यांच्या मोकळ्या आवारात छोटं गोल्फचं मैदान तयार झालं, त्या कामावर देखरेख याचीच. जून १९६९ मध्ये पॅरोलचा (म्हणजे मुदतीआधी अटींवर सुटकेचा) पहिला अर्ज फेटाळला गेला. त्यावर त्यानं चिडचिड केली नाही, दुसऱ्या सुनावणीची तयारी म्हणून माध्यमिक शाळेचे १६ विषय पुरे केले आणि नोव्हेंबरमध्ये प्रमाणपत्र घेतलं. नाताळच्या दिवशी वडील वारले. अंत्यविधीला जायची रजा मिळाली नाही.

१८ जून १९७० ला सुटला. अटी अशा: शिकागोत आईकडे राहायचं, रात्री दहाच्या आत घरात, वर्षभर देखरेख.

माझं म्हणणं असं. पॅरोल बोर्डानं जे मोजलं ते खोटं नव्हतं. सभासद खरेच वाढले, मजुरी खरीच वाढली. पण वॉटर्लूमध्ये तरी तो वेगळं काय करत होता? तिथेही तो जेसीजचा सर्वांत धडपड्या सभासदच होता आणि त्याच काळात अत्याचार चालू होते. जे गुण बाहेर त्याच्या गुन्ह्याला आड देत होते तेच गुण आत 'सुधारणा' म्हणून त्याच्या खात्यावर जमा झाले. यात बोर्डाच्या कुणालाच काही खटकलं नाही का?

वाफाळता_चहा

वाचतेय. झोपेच्या आधी उघडायला नको होता हा धागा.

मक्याच्या_शेतातून

आमचं गाव सीडर रॅपिड्स, अ‍ॅनामोसा इथून गाडीनं अर्ध्या तासावर. १५१ नंबरचा रस्ता, दोन्ही बाजूंना मका नि सोयाबीन. पाहुणे आले की आम्ही त्यांना तिकडे नेतो, तुरुंग बघायला नव्हे, वॉप्सिपिनिकन नदीकाठचं उद्यान छान आहे म्हणून. शिवाय ग्रँट वूड हा चित्रकार त्याच भागातला.

पण तुरुंग चुकवता येत नाही. गावातच आहे, दुकानं नि घरं ओलांडली की समोर भिंत. फिकट पिवळसर चुनखडीचा दगड, बुरूज, दगडी तटबंदी. आमच्या सासूबाईंनी गाडीतून बघून "इथला राजा कोण होता?" असं विचारलं होतं. जवळच्याच खाणीतला दगड काढून १८७३ पासून कैद्यांनीच तो बांधलाय. त्या वेळी फोर्ट मॅडिसनच्या तुरुंगातून कैदी आणून कामाला लावले होते.

गेसीच्या काळात ते पुरुषांचं सुधारगृह होतं. अट्टल लोक फोर्ट मॅडिसनला, वयानं कमी नि पहिल्यांदा आत आलेले इथे, अशी साधारण वाटणी. गेसी २६ वर्षांचा, आधीची शिक्षा नाही, त्यामुळे तो इथे आला. मला वाटतं तळटीप यांच्या प्रश्नाचं थोडं उत्तर इथेच आहे. जी संस्था सुधारण्यासाठी काढलीय तिला सुधारलेला माणूस दिसला की आनंद होणारच.

शंभर_ताटं

मी वीस-बावीस वर्षं मेस आणि कँटीनची कंत्राटं घेतली, त्यामुळे बाकी राहू द्या, 'मुख्य आचारी' या दोन शब्दांवर बोलतो.

जिथे माणसांना बाहेर जाऊन खाता येत नाही तिथे स्वयंपाकघर ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात सगळं. कोणाला वरचं पाणी आणि कोणाला खालचा गाळ हे डाव धरणारा ठरवतो. साखर, तेल, चहापूड, मांस, सगळ्याचा हिशोब त्याच्याकडे. पहारेकरीसुद्धा त्याच्याशी गोड बोलतात, कारण रात्रपाळीला काहीतरी गरम तोच देतो. शिवाय साहेबांना जेवणाच्या तक्रारी नको असतात. ज्या ठिकाणी जेवणावरून बोंब होत नाही तिथला आचारी साहेबांना देवमाणूस वाटतो, मग तो मागे काय करतो ते कोणी विचारत नाही.

हा बाबा बाहेर तीन दुकानांचा कारभार बघत होता. शेकडो माणसांचा स्वयंपाक, माल मागवणं, पोरं कामाला लावणं, हे त्याला येत होतंच. तुरुंगात गेल्यावर त्याला काहीही नवं शिकावं लागलं नाही. मजुरी वाढवून घेतली म्हणताय, तीही कोणाची? स्वतःच्या हाताखालच्या लोकांची. याला मेसच्या धंद्यात माणसं बांधणं म्हणतात.

तळटीप

@शंभर_ताटं, धाग्याचं चीज झालं. हा कोन मी कुठेच वाचला नव्हता. सुटल्यावर शिकागोत त्याला पहिली नोकरी मिळाली तीही स्वयंपाक्याचीच, एका उपाहारगृहात.

तिरपागडा

कशाला एवढा काथ्याकूट? दहा वर्षं दिली होती ना, मग दहा वर्षं ठेवायचं. १९७८ पर्यंत आत राहिला असता तर ३३ पोरं वाचली असती. साधं गणित आहे. पॅरोल बिरोल सगळं बंद करा.

तारीख_पे_तारीख

@तिरपागडा, गणित साधं दिसतंय पण चुकतंय. दहा वर्षं ही आयोवात वरची मर्यादा होती. कधी सोडायचं ते बोर्डानं ठरवायचं, अशीच ती शिक्षा होती. आणि दहा वर्षांनी सोडला असता तर १९७८ मध्ये तोच माणूस, कसलीही देखरेख नसताना, ३६ व्या वर्षी बाहेर आला असता. मग?

वकिली करते म्हणून आपल्याकडचं सांगते, कारण इथे सरमिसळ व्हायला लागेल. महाराष्ट्रात पॅरोल म्हणजे अभिवचन रजा आणि फर्लो म्हणजे संचित रजा. दोन्हीत कैदी परत येतो, १९५९ च्या नियमांखाली हे चालत आलंय. गेसीला मिळाली तशी मुदतीआधीची सुटका आपल्याकडे वेगळ्या वाटेनं होते: शिक्षेत सूट देण्याचा सरकारचा अधिकार. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप असेल तर किमान १४ वर्षं प्रत्यक्ष आत काढावी लागतात, ही अट पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४३३अ मध्ये होती, आता नव्या संहितेत आहे.

धाग्याशी संबंध असा की ज्या न्यायाधीशानं शिक्षा दिली त्याचं मत सरकार मागवू शकतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं या मताला बरंच वजन दिलंय. बिल्किस बानो प्रकरणात (२००२ च्या गुजरात दंगलीतला सामूहिक बलात्कार आणि खून) हे सगळं चव्हाट्यावर आलं होतं. खटला मुंबईत चालला होता, म्हणून सूट द्यायची की नाही हे महाराष्ट्रानं ठरवायचं होतं, गुजरातनं नव्हे, असं जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयानं सांगितलं आणि दोषींची सुटका रद्द केली. तिथेही सोडताना पुढे केलेलं कारण 'चांगलं वर्तन' हेच होतं. (राजकारण सुरू करू नका, मुद्द्यापुरतं लिहिलंय.)

कैद्याच्या फायलीत अधीक्षकाचा शेरा असतो: वर्तन समाधानकारक. तो शेरा मी असंख्य वेळा वाचलाय. त्याचा अर्थ इतकाच की या माणसानं आम्हाला त्रास दिला नाही.

अर्धवटराव

+१ शेवटच्या ओळीला.

दादर_बीबी

रामन राघवचा उल्लेख अजून कसा नाही झाला? आमच्या लहानपणी त्याचं नाव काढलं की गच्चीवर झोपायला गेलेली माणसं वळकट्या उचलून खाली यायची.

त्याचीही कहाणी तुरुंगापासून सुरू होते. दरोड्याच्या गुन्ह्यात तो पाच वर्षं आत काढून आलेला होता. १९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत रेल्वेमार्गाच्या कडेनं झोपड्यांत आणि उघड्यावर झोपलेल्या १९ जणांवर हल्ले झाले, ९ मेले. संशयित म्हणून हा पकडला गेला, नाव पोलिसांच्या दफ्तरात आधीपासून होतंच. पण त्याला हल्ला करताना पाहिलेलं कोणी नाही, पुरावा नाही, म्हणून सोडावा लागला. १९६८ मध्ये पुन्हा तेच सत्र. या वेळी तपास पोलिस अधिकारी रमाकांत कुलकर्णींकडे. ऑगस्टमध्ये उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी त्याला पकडलं आणि जुन्या नोंदीतल्या ठशांशी बोटांचे ठसे जुळले तेव्हा हा तोच हे पक्कं झालं. ४१ खुनांची कबुली दिली त्यानं.

पण गेसीशी तुलना करताना फरक लक्षात घ्या. रामन राघव कुणाचाही लाडका नव्हता. त्याला कुठल्या बोर्डानं सुधारला म्हणून सोडलेलं नाही. तो रस्त्यावरचा, बेघर, डोकं फिरलेला माणूस. फाशीची शिक्षा झाली, मग मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाकडे प्रकरण गेलं, आणि आजार बरा होणार नाही या कारणानं उच्च न्यायालयानं १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप केली. येरवड्याला होता, १९९५ मध्ये ससूनमध्ये मूत्रपिंडं निकामी होऊन गेला. एकाला वेडामुळे कुणी हिशेबात धरलं नाही, दुसऱ्याला शहाणपणामुळे.

तळटीप

@दादर_बीबी, शेवटचं वाक्य चोरतोय.

पुढे कुणीतरी देखरेखीबद्दल विचारेल म्हणून आधीच लिहितो. गेसी सुटल्यावर आठ महिन्यांच्या आत, १२ फेब्रुवारी १९७१ ला, शिकागोत त्याच्यावर पुन्हा आरोप आला. किशोरवयीन मुलावर लैंगिक अत्याचाराचा प्रयत्न, म्हणजे वॉटर्लूचीच पुनरावृत्ती. मुलगा कोर्टात आला नाही, प्रकरण निकालात निघालं. तेव्हा गेसी आयोवाच्या पॅरोलवर होता. अटकेची एक तार, एक फोन गेला असता तर त्याला परत अ‍ॅनामोसात नेता आलं असतं. आयोवाच्या बोर्डापर्यंत ही बातमी पोचलीच नाही. १८ ऑक्टोबर १९७१ ला पॅरोल रीतसर संपला. पहिला खून जानेवारी १९७२.

त्यामुळे माझा राग अ‍ॅनामोसाच्या बोर्डापेक्षा या मधल्या पोकळीवर जास्त आहे.

सहज_सुचलं

राज्य बदललं की फाईल तिथेच राहते, माणूस पुढे जातो. आपल्याकडे जिल्हा बदलला तरी तेच.

मनोरुग्ण_नाही_मनोसेवक

मी मनोरुग्णालयात नोकरी करून निवृत्त झालो. तळटीप, तुमचा प्रश्न "कुणालाच खटकलं नाही का" असा आहे. खटकणं अवघड असतं हे सांगतो.

बंदिस्त जागेत वेळापत्रक असतं. उठायचं कधी, जेवायचं कधी, कोणाशी बोलायचं, सगळं ठरलेलं. काही माणसं अशा चौकटीत बाहेरच्यापेक्षा छान वागतात, आणि ते नाटकच असतं असंही नाही. गेसीच्या बाबतीत अत्याचाराला काय काय लागत होतं ते मांडून बघा: तो मालक, समोरचा पोरगा कामाच्या गरजेचा, मोकळं घर, दारू, आणि बघणारं कोणी नाही. अ‍ॅनामोसात यातलं एकही हाताशी नव्हतं. १९७१ मध्ये त्यानं स्वतःची बांधकाम-दुरुस्तीची कंपनी काढली, समरडेल अव्हेन्यूवर घर घेतलं आणि कामाला कोवळी पोरं ठेवायला सुरुवात केली. झाली की सगळी सामग्री गोळा!

म्हणून सोडताना वर्तन बघायचंच, पण त्याहून जास्त बघायचं ते बाहेर गेल्यावर तो काय उभारतोय. आईकडे राहा आणि दहाच्या आत घरी ये, या अटी दारुड्यासाठी ठीक आहेत. 'अठरा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचं नाही' ही एक अट घातली असती तर? तेव्हा कोणी असा विचारच करत नसे, हेही खरं.

कॅलिफोर्नियातला एडमंड केम्पर बघा. १५ व्या वर्षी, १९६४ मध्ये, आजी-आजोबांना गोळ्या घातल्या. अ‍ॅटास्काडेरोच्या सरकारी इस्पितळात इतका हुशार नि सोज्वळ की डॉक्टरांनी त्याला इतर रुग्णांच्या मानसिक चाचण्या घेण्याच्या कामाला लावलं. म्हणजे कुठल्या उत्तराला डॉक्टर मान डोलावतात हे त्याला पेपर तपासणाऱ्याच्या खुर्चीत बसून कळलं. १९६९ मध्ये सोडला, तोही आईच्या घरी, जिच्याशी त्याचं उभं वैर. नोव्हेंबर १९७२ मध्ये डॉक्टरांच्या अनुकूल मतावर त्याची बालगुन्ह्याची नोंद पुसून टाकण्यात आली. तोवर त्यानं आणखी तीन खून केले होते.

वाफाळता_चहा

देवा. आता झोप कुठली.

डॅन्यूब_काठी

व्हिएन्नाहून. आमचा याक उंटरवेगर या सगळ्यांवर कडी आहे. १९७६ मध्ये एका तरुणीच्या खुनासाठी जन्मठेप. तुरुंगात लिहायला लागला: कविता, कथा, आत्मचरित्र. लेखक, कलावंत, बुद्धिवंत मंडळींनी त्याच्या सुटकेसाठी आवाज उठवला, पंधरा वर्षं भरल्याबरोबर १९९० मध्ये पॅरोल मिळाला. टीव्हीवर यायचा, पांढरे सूट घालायचा, सुधारलेला कैदी म्हणून मिरवायचा. पत्रकार म्हणून तो व्हिएन्नातल्या वेश्यांच्या खुनांवर बातम्या करत होता आणि ते खून तोच करत होता. लॉस एंजेलिसला लेखासाठी गेला, तिथेही तीन. १९९४ मध्ये ग्राझच्या कोर्टानं नऊ खुनांसाठी दोषी ठरवलं, त्याच रात्री कोठडीत गळफास घेतला.

इथल्या जुन्या लोकांशी बोललं की जाणवतं, त्यांना खुनांपेक्षा ती सह्यांची मोहीम जास्त बोचते.

माणदेशी

थांबा थोडं. गेसी, केम्पर, उंटरवेगर अशी निवडक नावं एका माळेत ओवली की वाटतं तुरुंगात शिकलेला, लिहिणारा, काम करणारा प्रत्येक जण लबाडच. हे मला पटत नाही.

आमच्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानच्या काळात, १९३९ मध्ये सुरू झालेली खुली वसाहत. खुनाच्या गुन्ह्यातले कैदी तिथे भिंतीविना राहिले, शेती केली, बायकापोरं आणून संसार केले. तटबंदी नाही, पळून जायला सगळा माळ मोकळा. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना विचारा, कुणी त्यांना भिऊन राहिलं नाही. बाजाराला येत, भाजी विकत, बस.

अ‍ॅनामोसातही गेसीबरोबर त्या ६५० सभासदांतले बाकीचे होतेच की. त्यांनीही अभ्यास केला असेल, गोल्फचं मैदान खणलं असेल. त्यांच्यातल्या कितीकांचं पुढे बरं झालं यावर कोणी धागा काढत नाही. उद्या गेसीकडे बोट दाखवून कोणी तुरुंगातली शाळा बंद केली तर नुकसान त्यांचं.

तिरपागडा

ती माणसं वेगळी. रागाच्या भरात, भाऊबंदकीत, बांधावरून खून केलेली. हा वेगळा.

माणदेशी

तेच म्हणतोय! फरक गुन्ह्यात आहे. आणि तो फरक तुरुंगातल्या वागण्यात दिसत नाही, कारण दोघंही चांगलंच वागतात.

तारीख_पे_तारीख

@माणदेशी, शंभर टक्के सहमत. म्हणून मी परत त्या १७ दिवसांच्या तपासणीकडे येते. बोर्डासमोर दोन प्रकारचे कागद होते. एक, तुरुंगाचे: हा किती उपयोगी आहे. दोन, डॉक्टरांचे: याच्यात उपचारानं बदल होणार नाही. शिवाय गुन्ह्याची हकीकत, जिच्यात साक्षीदाराला मारायला माणूस पाठवणं आहे. माझ्या मते तो हल्ला या फायलीतला सर्वांत महत्त्वाचा कागद. अत्याचाराबद्दल आरोपी म्हणू शकतो की तोल गेला. साक्षीदारावर पैसे देऊन हल्ला करवणं हा थंड डोक्याचा हिशोब आहे, आणि तो खटला चालू असताना, स्वतःवर सगळ्यांची नजर असताना केलेला.

ज्याला नजर असतानाही हे जमतं त्याचं नजरेखालचं चांगलं वर्तन किती धरायचं?

मक्याच्या_शेतातून

एक प्रश्न. १९७८ मध्ये शेवटी तो पकडला गेला तेव्हा आयोवाची ही शिक्षा उपयोगी पडली का?

तळटीप

पडली, आणि तिथेच सगळं फिरलं. ११ डिसेंबर १९७८ ला शिकागोजवळच्या डेस प्लेन्समधून १५ वर्षांचा मुलगा बेपत्ता झाला. औषधाच्या दुकानात काम करायचा, एका कंत्राटदाराशी नोकरीचं बोलून येतो म्हणून बाहेर पडला. कंत्राटदार म्हणजे गेसी. डेस प्लेन्सचे लेफ्टनंट जोसेफ कोझेन्झॅक यांनी त्याची पूर्वपीठिका काढली तर वॉटर्लूची शिक्षा समोर आली: किशोरवयीन मुलगा, लैंगिक अत्याचार, दहा वर्षं. घरातून पळालेला पोरगा असेल, येईल परत, हा नेहमीचा सूर तिथे थांबला. १३ तारखेला झडतीचं वॉरंट निघालं, मग रात्रंदिवस पाळत, दुसरं वॉरंट, आणि २१ डिसेंबरला घराखालची जमीन उकरली.

म्हणजे वॉटर्लूचा कागद ज्यानं मनावर घेतला त्याला काही दिवसांत उलगडा झाला. त्याआधी शिकागोत बेपत्ता मुलांचे आईबाप वर्षानुवर्षं चौक्यांचे उंबरे झिजवत होते, त्यातल्या काहींनी गेसीचं नावही सांगितलं होतं. डिसेंबर १९७७ मध्ये एका १९ वर्षांच्या मुलानं बंदुकीच्या धाकानं पळवून अत्याचार केल्याची तक्रार केली, गेसी म्हणाला सगळं राजीखुशीनं झालं, सरकारी वकिलांनी खटला भरला नाही. मार्च १९७८ मध्ये क्लोरोफॉर्म देऊन छळलेल्या एका तरुणानं स्वतः हमरस्त्यावर बसून गेसीची काळी गाडी शोधून काढली. आणि मे १९७८ मध्ये याच माणसाचा राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी रोझलिन कार्टर यांच्यासोबत फोटो निघाला, कोटावर गुप्त सुरक्षा दलानं दिलेला परवानगीचा बिल्ला. वॉटर्लूत कोंबडीच्या बादल्या, अ‍ॅनामोसात गोल्फचं मैदान, शिकागोत मिरवणुका.

शंभर_ताटं

बिल्ला मिळाला? सजा झालेल्या माणसाला? आम्हाला सरकारी कँटीनचं टेंडर भरताना चारित्र्याचा दाखला लागायचा हो!

सहज_सुचलं

दाखला देणाऱ्या चौकीत आयोवाची वही नसणार.

तारीख_पे_तारीख

डॅन्यूब_काठी, उंटरवेगरवर वेगळा धागा काढा ना. त्या सह्यांच्या मोहिमेबद्दल वाचायला आवडेल, ऑस्ट्रियाच्या कायद्यात पॅरोलचा निर्णय नेमका कोण घेतो तेही लिहा.

डॅन्यूब_काठी

काढतो, पण सवडीनं. ग्राझच्या खटल्याबद्दल जर्मनमध्ये बरंच आहे, वाचून मगच लिहीन. वाफाळता_चहा यांनी तो दुपारी वाचावा.